चुकीच्या घरचा पाहुणा

नाशिकच्या द्वारका चौकात मुंबई विमानतळाची टॅक्सी उभी होती. चौथा उतारू मिळाल्याशिवाय ड्रायव्हर हलायला तयार नव्हता. तेवढ्या वेळात पाटणकर वहिनींनी मला आयर्लंडबद्दल तीन सूचना दिल्या. वहिनी आमच्या समोरच्या ब्लॉकमध्ये राहतात. त्या आयर्लंडला कधी गेलेल्या नाहीत, पण त्यांचा भाचा इंग्लंडमध्ये असतो आणि त्यांच्या मते ते सगळं एकाच आवारात येतं.

"सर, तिथे कुणाकडे न कळवता जायचं नाही. चहाला एकदाच विचारतात, तुम्ही नको म्हणालात की विषय संपला. आणि कुणाला घरचं काही विचारायचं नाही."

"मी इथे तरी कुणाला काय विचारतो, वहिनी?"

"तेही खरंच म्हणा," त्या म्हणाल्या आणि चिवड्याची आणखी एक पिशवी माझ्या मांडीवर ठेवली.

मी एकतीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. प्रवासवर्णनं पुष्कळ वाचली, प्रवास मात्र फारसा केला नाही. माझी पत्नी शालिनी जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. आमची एकुलती एक मुलगी मधुरा डब्लिनला एका कॉम्प्युटर कंपनीत नोकरी करत होती. आई गेली तेव्हा तिला विमान मिळून घरी पोचायला तिसरा दिवस उजाडला. ती आली, येणाऱ्याजाणाऱ्यांना चहा देत राहिली, तेरावं झालं आणि परत गेली.

मी आयर्लंडला देश बघायला गेलो नव्हतो. शालिनी गेली त्या दिवशी मधुराने फोनवर विचारलं होतं, "बाबा, तुम्ही जवळ होतात ना?" मी म्हणालो होतो, "हो. हात धरून होतो." मी नव्हतो. मी चार मजले खाली, दवाखान्याच्या फाटकाशी होतो. पोरीला धीर यावा म्हणून जे तोंडातून गेलं, ते मग भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगावं लागलं. तेरा दिवसांत तो हात मी इतक्या वेळा धरला की शेवटी शेवटी मला त्यातली बांगडीही आठवायला लागली. मधुराने मात्र त्यानंतर आईचा विषय काढला नाही. बाबा तिथे होते, मी नव्हते, एवढंच तिने मनात धरून ठेवलं असावं. ते खोटं मला तिच्यासमोर बसून दुरुस्त करायचं होतं. फोनवर ते जमण्यासारखं नव्हतं.

डब्लिनमध्ये आठ दिवस मी संधी शोधत होतो, आणि त्या आठ दिवसांत आयरिश माणसाच्या मनमिळाऊपणाची मला दहशत बसली. बागेतल्या बाकावर बसून मी म्हणावं, "मधुरा, एक सांगायचं होतं," की एक म्हातारा कुत्र्यासकट शेजारी येऊन बसे आणि आम्ही कुठले, तिकडे आता हवा कशी असेल, एवढ्या लांब येताना कान दुखले का, हे सगळं विचारून घेई. संग्रहालयाचा रस्ता विचारला तर सांगणारा गृहस्थ बरोबर चालायलाच लागला. वाटेत त्याने आपल्या गुडघ्याच्या ऑपरेशनची हकीकत सांगितली, आणि दारात पोचल्यावर ती अपुरी राहिली म्हणून आतही आला. तिथे बसमधून उतरणारा प्रत्येकजण ड्रायव्हरला 'थँक्यू' म्हणून उतरतो. आपल्याकडे सातपूरच्या बसमध्ये कुणी असं केलं तर याने तिकीट काढलं नसणार, अशी कंडक्टरला शंका येईल.

"हे लोक असे का आहेत गं?" मी मधुराला विचारलं.

"ऑफिसात म्हणतात, इथे पाऊस इतका की बोलण्यावाचून दुसरं करणार काय."

"इगतपुरीलाही पाऊस पडतो."

ती हसली. त्या आठ दिवसांतलं आमचं सगळ्यात लांब संभाषण हेच.

नवव्या दिवशी तिने दोन दिवसांची रजा काढली आणि आम्ही बसने पश्चिम किनाऱ्याकडे निघालो. इकडच्या शेतांना बांध नाहीत, दगडांचे गडगे आहेत. नुसते दगडावर दगड, मध्ये चुना नाही की माती नाही. त्यांच्या आत मेंढ्या, आणि प्रत्येक मेंढीच्या पाठीवर मालकाच्या खुणेचा निळा नाहीतर लाल रंगाचा पट्टा. आपल्याकडे पोळ्याला बैल रंगवतात, इथे बारा महिने पोळा. दुपारी चारच्या सुमारास एका लहानशा गावात उतरलो. एक चर्च, दोन दुकानं, आणि पुढे समुद्र आहे असं म्हणतात, पण तो धुक्यात होता.

मधुराने फोन करून एका बाईंच्या घरी दोन रात्रींसाठी खोली घेतली होती. तिकडे पुष्कळ लोक राहत्या घरातल्या एकदोन खोल्या प्रवाशांना देतात आणि सकाळची न्याहारी घालतात. "चर्चच्या पुढचं पांढरं घर," मधुरा म्हणाली. "तुम्ही पुढे व्हा, मी डोकेदुखीच्या गोळ्या घेऊन येते."

चर्चच्या पुढे पांढरी घरं दोन होती हे मला नंतर कळलं. पहिल्याचं दार सताड उघडं होतं आणि समोर दहाबारा मोटारी लावलेल्या. बाईंचा धंदा बरा चालतोय, असं मनात म्हणत मी उंबऱ्याशी गेलो. आतून एक उंच माणूस आला, माझी बॅग त्याने हातातून घेतलीच, आणि माझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाला, "आलात, फार बरं झालं. लांबून आलात का?"

"नाशिकहून," मी म्हणालो. "भारतातून."

"अरे देवा," तो हळूच म्हणाला, आणि बराच वेळ त्याने माझा हात सोडला नाही.

दाराशी एका छोट्या टेबलावर नोंदवही होती. आधीच्या लोकांनी नाव आणि गाव लिहून पुढे एकेक ओळ लिहिली होती. चष्मा बॅगेत राहिल्यामुळे ती मला वाचता आली नाही. मी नाव लिहिलं, नाशिकचा पत्ता लिहिला आणि पुढच्या जागेत स्वच्छ अक्षरात लिहिलं: दोन माणसं. दोन रात्री. शाकाहारी.

स्वयंपाकघरात वीसेक माणसं होती. मला खुर्ची मिळाली. एका बाईने चहा विचारला. घरच्या सवयीने मी नको म्हणालो आणि लगेच पाटणकर वहिनी आठवून पस्तावलो. पण बाई पुन्हा म्हणाली, "थोडासाच." मी म्हणालो, "कशाला तुम्हाला त्रास." ती म्हणाली, "त्रास कसला, किटली चढवलेलीच आहे," आणि तिसऱ्या नकाराची वाट न पाहता कप हातात दिला. मला एकदम माझ्या माणसांत आल्यासारखं वाटलं. हे तर तंतोतंत आपलंच. दोनदा नको म्हणायचं, तिसऱ्यांदा घ्यायचं, आणि घेताना समोरच्यावर उपकार केल्यासारखं करायचं. मग सँडविच आली. मी मांस खात नाही म्हटल्यावर कुणी रागावलं नाही. उलट ती बातमी घरभर पसरली आणि चीजचं, काकडीचं, टोमॅटोचं अशी तीन ताटं तीन दिशांनी आली. पाठोपाठ स्कोन (गोडसर, जाडजूड बनपाव), केक, पुन्हा चहा. माणसं गप्पा मारत होती, हसत होती. आजवर एकाही लॉजमध्ये माझं असं स्वागत झालं नव्हतं. नाशिकला परतल्यावर वाचनालयात यावर व्याख्यान द्यावं, असा विचारही मनात येऊन गेला.

तिसरा कप संपत आला तेव्हा तो उंच माणूस वाकून म्हणाला, "टॉमला भेटणार ना?"

टॉम म्हणजे मालक असणार. "अवश्य," मी म्हणालो. "फार गडबडीत नाहीत ना ते?"

"नाही," तो गंभीरपणे म्हणाला. "आता कसली गडबड."

त्याने मला पुढच्या खोलीत नेलं. टॉम खोलीच्या मधोमध शवपेटीत निजलेले होते. अंगात कोट होता, हातात जपमाळ. सभोवती खुर्च्यांवर बायका बसल्या होत्या आणि त्यांच्याही मांडीवर कपबशा होत्या.

माझ्या उजव्या हातात अर्धा स्कोन होता.

याला तिकडे वेक म्हणतात (मयत घरात ठेवून गावाने त्याच्याजवळ येऊन बसण्याची रीत). आपल्याकडे मयत बाहेर काढेपर्यंत घरात चूल पेटत नाही, माणसं हळू बोलतात, आणि निघताना 'येतो' म्हणायचं नाही म्हणून मुकाट उठून जातात. मी तर मयताच्या घरी तीन कप चहा प्यायलो होतो, केक वाखाणला होता आणि वहीत शाकाहारी असल्याचं नोंदवलं होतं. स्कोन खिशात टाकून मी हात जोडले.

पेटीच्या उशाशी बसलेल्या बाई उठल्या. त्या टॉमच्या पत्नी, मॉरीन. त्यांनी मला जवळच घेतलं. "मला ठाऊक होतं," त्या म्हणाल्या. "बर्मिंगहॅमला बसवर अठरा वर्षं नोकरी केली त्याने. बरोबर कामाला असलेल्या तुमच्याच लोकांच्या गोष्टी सारखा सांगायचा. त्यांच्यातलं कुणीतरी येईल असं मी सकाळीच म्हटलं. आणि तुम्ही थेट भारतातून आलात."

खोलीतल्या सगळ्या बायका माझ्याकडे ओल्या डोळ्यांनी पाहायला लागल्या. मान हलवली असती तर सगळ्यांचं भलं झालं असतं. बाईला धीर आला असता आणि संध्याकाळपर्यंत मी टॉमचा जिवलग म्हणून निभावून नेलं असतं. पण धीर देण्यासाठी बोललेलं खोटं पुढे काय करतं, हे मी आठ महिने पाहत होतो. तसलं आणखी एक पाठीवर घेऊन नाशिकला जायची माझ्यात ताकद नव्हती.

"बाई," मी म्हणालो, "माझी चूक झाली. मी यांना ओळखत नाही. खोली भाड्याने देणाऱ्या बाईंचं घर समजून मी आत आलो. वहीतसुद्धा तसंच लिहून बसलोय. ते मी खोडून टाकतो."

उंच माणसाने वही आणली. मॉरीनबाईंनी माझी ओळ वाचली, मग ती पेटीकडे तोंड करून मोठ्याने वाचली, "दोन माणसं. दोन रात्री. शाकाहारी. ऐकलंस का रे टॉम?" आणि हसू लागल्या. हसता हसता त्यांना खुर्चीचा आधार घ्यावा लागला. खोली हसली, स्वयंपाकघरातून लोक काय झालं म्हणून आले, त्यांच्यासाठी ती ओळ पुन्हा वाचली गेली.

"खोडायची नाही," डोळे पुसत त्या म्हणाल्या. "बाकी सगळ्यांनी एकच वाक्य लिहिलंय."

एवढ्यात मला पहिला चहा देणारी बाई ओले हात पुसत पुढे आली. "मग तुम्हीच का माझे पाहुणे? मी नोरा. खोली माझीच. घराला कुलूप आहे हो, मी दुपारपासून इथे कपबशा विसळतेय. तसेही तुम्ही इथेच आला असतात."

मी निघायला लागलो तर मॉरीनबाईंनी आपल्या शेजारच्या खुर्चीवर हात ठेवला. "ओळख नसताना इतका वेळ बसलात, तर आणखी थोडं बसा. तुमच्या घरचं कोण गेलं?"

मी काही बोललो नव्हतो. त्यांना कशावरून कळलं, मला माहीत नाही.

"पत्नी. आठ महिने झाले."

"नाव काय?"

"शालिनी."

"तिची एखादी गंमत सांगा."

आठ महिन्यांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. लोक विचारत ते 'कसं झालं?' आणि त्याचं माझं उत्तर पाठ होतं. बायका वाट पाहत होत्या, टॉमही एका अर्थाने वाट पाहत होते. मी माझ्या पुस्तकी इंग्रजीत सुरुवात केली.

शालिनीला एक खोड होती. एसटीत, दवाखान्यात, भाजीच्या रांगेत जो भेटेल त्याला ती म्हणे, "नाशिकला आलात की आमच्याकडेच उतरा." नव्वद सालानंतर लगेचच नाशिकला सिंहस्थ आला (बारा वर्षांनी भरणारा गोदावरीस्नानाचा मेळा) आणि ते सगळे उतरले. दोन खोल्यांत आम्ही सतरा माणसं. त्यांत येवल्याकडचे एक म्हातारे होते. पागोटं, काठी, बोलणं बेताचं. ते शालिनीच्या माहेरचे असतील असं मी समजलो. पाहुण्यांना वाटलं, ते माझ्याकडचे. सहा दिवस ते जेवले आणि रोज रामकुंडावर जाऊन आले. सातव्या दिवशी पिशवी उचलताना मला म्हणाले, "मास्तर, लय चांगलं केलं तुमी. पन आमचे पवार मास्तर काई दिसले नाय ते?"

"कोण पवार?"

"ह्ये घर त्यांचंच हाय ना?"

पवार मास्तर मागच्या गल्लीत राहत. म्हातारा सहा दिवस चुकीच्या घरात होता. तो गेल्यावर मी शालिनीला सांगितलं तर ती कणिक मळत म्हणाली, "मला दुसऱ्या दिवशीच कळलं होतं." मग बोलली का नाहीस, असं विचारलं तर म्हणाली, "जेवताना कसं सांगायचं? आणि नंतर ते झोपले."

"सहा दिवस?" नोराने विचारलं.

"सहा दिवस ते एकतर जेवत होते, नाहीतर झोपत होते, असं तिचं म्हणणं."

मॉरीनबाई इतक्या हसल्या की त्यांची कपबशी कुणीतरी काढून घेतली. त्या हसण्यातून दाराकडून एक ओळखीचा आवाज मराठीत आला. "बाबा, ते आजोबा मला रोज पाढे म्हणायला लावायचे." मधुरा उभी होती. तिने मला दुकानात, चर्चमध्ये आणि धुक्यात शोधलं होतं. हातात गोळ्यांची पुडी होती. ती हसत होती, आणि हसता हसता तिचं रडणं सुरू झालं. आई गेल्यापासून ती माझ्यासमोर कधी रडली नव्हती. नोराने न विचारता तिला जवळ घेतलं आणि न विचारताच चहा दिला.

संध्याकाळी नोराच्या घरी गेल्यावर मी आधी गरम पाण्याने आंघोळ करायची आहे असं सांगितलं. मयताच्या घरून आल्यावर ती करायची असते हे इंग्रजीत कसं सांगावं, याची मी जुळवाजुळव करत होतो. नोराने ऐकून न घेताच दोन टॉवेल दिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी टॉमना नेलं. गाव पेटीमागून चालत होतं, आम्हीही चाललो. चर्चपासून दफनभूमीपर्यंत चढ आहे. धुकं निवळलं होतं आणि समुद्र खरोखरच होता. मधुरा माझ्या बाजूने चालत होती. तिथेही एक गृहस्थ आमच्याशी बोलायला म्हणून जवळ आले. मी त्यांना म्हणालो, "जरा थांबता का? मला मुलीला एक सांगायचंय." ते "नक्की, नक्की" म्हणाले आणि चार पावलं मागे राहिले.

"मधुरा, आई गेली तेव्हा मी तिच्याजवळ नव्हतो."

ती चालत राहिली.

"मी खाली फाटकाशी होतो. खिडकीतून आईला एक माणूस दिसायचा. त्याचं कुणीतरी वॉर्डात होतं, आणि तो सकाळपासून बाकावर बसून होता. ती म्हणाली, माझा डबा त्याला देऊन या, मला नाही जाणार. मी म्हटलं, नंतर देतो. तर म्हणाली, आत्ता द्या, त्याचं जेवण झालेलं नाही. मी गेलो. त्याने आधी नको म्हटलं, मग मी आग्रह केला. त्यात थोडा वेळ गेला. वर आलो तर नर्स दारात होती. तुला धीर यावा म्हणून खोटं बोललो. नंतर ते परत घेता येईना."

मागचे गृहस्थ अजूनही अंतर राखून येत होते.

"म्हणजे आपण दोघंही नव्हतो," मधुरा म्हणाली.

"दोघंही नव्हतो."

"मला वाटायचं, मी एकटीच." तिने माझा हात धरला. आणखी थोडा चढ चढल्यावर विचारलं, "जेवला का तो?"

"जेवला. भाजीत मीठ कमी आहे म्हणाला."

"आईला सांगायला हवं होतं. भांडायला खाली आली असती." आणि टॉमच्या पेटीमागून चालताना आम्ही दोघं हसलो. तिथे कुणी वळून पाहिलं नाही.

आयर्लंडमध्ये आणखी आठवडाभर राहिलो. समुद्राकाठचे उंच कडे पाहिले, एक किल्ला पाहिला, मेंढ्या पुष्कळ पाहिल्या. बटाट्याच्या सहा तऱ्हा खाल्ल्या. हे लोक इतके अगत्यशील का, याची कारणं मी जमवत राहिलो. एकाने सांगितलं, प्रत्येक घरातलं कुणी ना कुणी परदेशी गेलंय, त्याला तिकडे कुणी घरात घ्यावं म्हणून आम्ही इथे घेतो. दुसरा म्हणाला, गावं लहान, माणसं थोडी, नवा माणूस म्हणजे वर्तमानपत्र. दोन्ही खरी असतील. मी पाहिलं ते एवढंच की आलेला माणूस योग्य घरी आला आहे की नाही, ही चौकशी ते आधी करत नाहीत. आधी खुर्ची देतात. शालिनीला त्या गावात दोन दिवसांत कुणी परकी म्हटलं नसतं. आठवड्याने गाव तिच्याकडे जेवायला असतं.

नाशिकला परतलो त्याच दिवशी पाटणकर वहिनींनी चहाला बोलावलं. आयर्लंड कसं आहे, त्यांनी विचारलं. मी म्हणालो, ते सांगतो, पण आधी दुसरं सांगायचंय. शालिनी गेली तेव्हा मी हात धरून होतो असं तुम्हाला सांगितलं होतं, ते खरं नाही.

वहिनींनी बशी खाली ठेवली. "अहो सर, मग आठ महिने आम्हाला तसं का सांगत होतात?"

"तुम्ही विचारत होतात म्हणून."

त्या उठल्या आणि आत गेल्या. रागावल्या असं समजून मी चपला शोधू लागलो. आतून आलं कुटल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने त्या दोन कप घेऊन बाहेर आल्या, एक माझ्यापुढे ठेवला, एक स्वतः घेऊन खुर्ची जवळ ओढून बसल्या आणि म्हणाल्या, "आता पहिल्यापासून सांगा. मी काही विचारलंच नव्हतं असं समजून."